लेन्सचं ग्रीस आणि पुढचं दार

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. नोंदी फक्त कामाच्या. काम : बायकोच्या भावाची लेन्स. तो गेला त्याला दोन वर्षं झाली. जन्मभर फोटो काढले ते या एका लेन्सवर. आता त्याची मुलगी, म्हणजे आमची भाची, पहिल्या मोठ्या कामाला निघाली आहे आणि बाबांचीच लेन्स लावणार म्हणून हटून बसली आहे. २१ तारखेला न्यायला येणार. फोकसची रिंग मात्र हलत नाही. आतलं ग्रीस वाळून दगड झालंय.

ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या कारागिराकडे देऊ, त्याचा जन्म घड्याळं आणि कॅमेरे उघडण्यात गेला. मी म्हटलं, आणि माझा कशात गेला? एका हवेच्या पंपावर सुरू केलेलं सायकलचं दुकान मुलाच्या हाती दिलं तेव्हा दोन शटरचं होतं. ग्रीस मला कोण शिकवणार? हॉलमधलं घड्याळ कोणी दुरुस्त केलं? सहा वर्षांत मिनिटभर मागे पडलेलं नाही. रेडिओ कोणी केला? ही हसून आत गेली. पटलं.

दुपार
स्वयंपाकघरातला फोन ऐकला. माझे कान अजून तिखट आहेत. ही भाचीला सांगत होती, अगं, काकांनी हातात घेतलीय, पण तू काळजी करू नकोस, मी आहे ना. मदतीला आहे, असं म्हणायचं असणार. ऐकलं नाही असं दाखवलं.

४ मार्च
लेन्स उघडली. रिंग फिरवत फिरवत बाहेर काढली, आटे सुटले. आत तपकिरी चिकटा, डिंकासारखा. ठराव : आटे जिथे सुटतात तिथे आधी पेन्सिलने खूण करायची. या वेळी राहिलं. हरकत नाही, बोटांना आठवतं.

५ मार्च
नियम केला. कुठलंही ग्रीस लेन्समध्ये जाण्याआधी बिजागरीवर चाचणी. घरात दारं सात, बिजागऱ्या एकवीस. अशी सोय कुठल्या प्रयोगशाळेत नसेल.

पहिलं : सायकलच्या बेअरिंगचं, दुकानातून आणलेलं. मुलाने विचारलं, बाबा, कुठल्या सायकलला? मी सांगितलं, तुला नाही कळायचं. बाथरूमचं दार झकास झालं. लेन्समध्ये घातलं तर रिंग दोन्ही हातांनी फिरवावी लागते. भाचीने थोडा व्यायाम केला पाहिजे.

७ मार्च
दुसरं : शिलाई मशीनवाल्याकडचं पांढरं. थंडीत घट्ट होतं का पाहायला बशीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. ठराव : बशीवर चिठ्ठी लावायची.

८ मार्च, सकाळी ७.१५
चिठ्ठी लावायची राहिली. ब्रेडला लावून एक घास खाल्ला. थुंकला. तरी नोंद : थंड असूनही एकसारखं पसरतं. ही हसत हसत ओट्याला टेकली आणि म्हणाली, आता तुम्ही तरी दिवसभर कुरकुरणार नाही.

९ मार्च
पांढरं लेन्समध्ये घातलं. आधीचं पुसत बसलो नाही. ग्रीसला ग्रीस मिळून जातं.

रिंग अजून जड. म्हणून वर तिसरं, थोडं व्हॅसलीन. उन्हात ठेवून पाहिलं. आता लेन्स खाली धरली की रिंग आपली आपण फिरते. ऑटोफोकस म्हणतात ते हेच असावं.

११ मार्च
कोपऱ्यावरच्या कारागिराकडे सहज डोकावलो. शिकायला नव्हे, त्याला चाचपायला. नाव-गाव सांगितलं नाही. तो म्हणाला, काका, लेन्सचं ग्रीस वेगळं असतं. रिंग हलकी करायची नसते. तिने हाताला थोडं अडवलं पाहिजे, म्हणजे फोकस सोडला तिथे राहतो. घालायचं तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त झालं किंवा पातळ पडलं तर तेल सुटून उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पात्यांवर जातं. मग म्हणाला, आणि हे आटे बसायच्या जागा बऱ्याच असतात, खरी एकच. सुटले तिथे खूण केलीत ना?

मी म्हटलं, म्हणजे काय! त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. प्रभाव पडला.

१३ मार्च
चौथं : नळवाल्याकडचं सिलिकॉन. हेच! चाचणी थेट पुढच्या दारावर.

पुढच्या दाराबद्दल नोंद हवी. या घरात माझ्या नकळत काही होत नाही ते त्या दारामुळे. ही बाहेर निघाली की एकच लांब कुरकुर, मुलगा आला की दोन तुटक. मी आतल्या खोलीत, डोळे मिटून, कोण आलं कोण गेलं सांगतो.

सिलिकॉनने दार गप्प. हिने स्वतः चारदा उघडझाप करून पाहिली, कान लावून ऐकलं, आणि म्हणाली, अहो, हे काम मात्र तुम्ही फारच छान केलंत. एवढं कौतुक लग्नानंतर प्रथमच.

१६ मार्च
चौथं ग्रीस घातलं, लेन्स जुळवली. आटे पाचव्या प्रयत्नात बसले. एक स्क्रू उरला. बनवणाऱ्याने घाईत जास्तीचा घातला असणार. काडेपेटीत जपून ठेवला.

कॅमेऱ्याला लावून पाहिली. समोरची इमारत धुरकट. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी धुरकटच. चष्म्याचा नंबर वाढलाय. ठराव : डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे. हातभर अंतरावरची बरणी मात्र सुरेख दिसते. भाचीने जवळचे फोटो काढावेत.

हिने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. मग तिने लेन्स कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. म्हणाली, आता चार दिवस हात लावायचा नाही, ग्रीस मुरू दे. बाईमाणसाला ग्रीसमधलं एवढं कळावं! माझ्या संगतीचा परिणाम.

१८ मार्च
दुपारी दोन ते चार झोपलो. कधी नव्हे इतकी गाढ. सगळं घर कसं तेल दिल्यासारखं शांत. हिच्या चपला सकाळी दाराच्या डावीकडे होत्या, उठलो तेव्हा उजवीकडे. वारा असेल.

२० मार्च
लेन्स काढली. काय सांगू! रिंग अशी फिरते की बस. जड नाही, सैल नाही, सोडली तिथे थांबते. समोरच्या इमारतीवरच्या टाकीचा नळसुद्धा स्वच्छ. म्हणजे ग्रीस मुरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे रद्द, नंबर आपोआप उतरला.

काडेपेटी उघडून पाहिली. उरलेला स्क्रू तिथेच. म्हणजे खरंच जास्तीचा होता.

२१ मार्च
भाची आली. लेन्स हातात घेतली, रिंग हळूच इकडून तिकडे फिरवली. मग पुन्हा. म्हणाली, बाबांच्या हातात अशीच फिरायची. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. तिने आधी आत्याला मिठी मारली, चुकून. मग मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, काका, कुठलं ग्रीस हो? मी म्हटलं, ते अनुभवाचं असतं, बाळ. हिला एकदम ठसका लागला. पाणी दिलं.

ठराव : हे ज्ञान आपल्यापाशी ठेवणे बरं नव्हे. उद्या त्या कारागिराला गाठून चार गोष्टी सांगायच्या. हवं तर भागीदारी.

२२ मार्च
गेलो. मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, या काका, तुम्हाला गंमत दाखवतो. एक काच पुढे केली. तिच्यावर काळा, पांढरा, पिवळट आणि पारदर्शक असा चार थरांचा गोळा. म्हणाला, एका लेन्समधून निघाला. सायकलचं, मशीनचं, नळाचं, सगळं आहे, वर व्हॅसलीन. आटे भलत्याच जागी, एक स्क्रू गायब. दोन दिवस लागले हो. माझ्याकडचा स्क्रू घातला.

मी विचारलं, कोणाची?

म्हणाला, एक बाई आहेत. त्यांचे यजमान उघडतात, मी बंद करतो. आधी भिंतीवरचं घड्याळ होतं, मग रेडिओ. फार हौशी माणूस, बिचारा घाबरत नाही कशाला. मी त्यांना म्हटलं, बाई, सांगून का टाकत नाही? तर म्हणाल्या, अहो, दुरुस्त झालं की ते दिवसभर शीळ घालतात. असू दे.

काचेशेजारी एक चिठ्ठी होती, वस्तूला दोऱ्याने बांधतात तसली. अक्षर ओळखीचं. ‘नेण्याची वेळ : दुपारी दोन ते चार. आधी नाही, नंतर नाही.’

यजमान मीच, हे सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं.

परत येताना शीळ घातली नाही. घरी हॉलमधलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

२३ मार्च, सकाळ
पुढच्या दाराच्या तिन्ही बिजागऱ्या रॉकेलने पुसून कोरड्या केल्या. दार पुन्हा कुरकुरतं. ही म्हणाली, अरेरे, चांगलं गप्प झालं होतं. मी म्हटलं, सिलिकॉन टिकाऊ नाही.

ठराव : यापुढे कशालाही हात लावायचा नाही.

११.३०
गजराचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतंय. फक्त मागचं झाकण काढून पाहणार.

दुपारी १.४०
झाकण लावलं. दोन चाकं उरली. हिला सांगितलं, झालं. ती म्हणाली, वा, आता मुरू दे.

२.२०
पडलो आहे, झोपलो नाही. वही उशीशी आहे. दार कुरकुरलं. एक लांब. पण अर्ध्यातच थांबलं. कानोसा घेत उभी असणार.

मी घोरायला लागलो. चांगला मोठ्याने.

मग उरलेलं दार उघडलं.