स्पीकरच्या खोळी

धायरी, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

ती. द्वारकाताईस,

ज्ञानदेवचा शि. सा. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर अक्षरं जुळवणं मला जमत नाही, म्हणून पुन्हा पत्र. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

आमच्या साईनाथने चाकणच्या कारखान्यात राजीनामा दिला. साउंड सिस्टीम भाड्याने द्यायचा धंदा करणार म्हणतो. साहेब भला माणूस, महिनाअखेरपर्यंत कागद दाबून ठेवतो म्हणाला, मन बदललं तर ये. याचं मन बदलत नाही. मोबाइलवरून दोन मोठे स्पीकर, एक मिक्सर आणि बिनवायरचे माईक मागवले. खोक्यावर ‘प्रोफेशनल’ लिहिलंय. मी विचारलं, प्रोफेशनल आहे तर इतकं स्वस्त कसं? तर हसला.

मला राहवेना. बुधवार पेठेत स्पीकर दुरुस्त करणाऱ्या नासिरला घरी आणून माल दाखवला. आमची मैत्री मी रिक्षाचे हूड शिवायचो तेव्हापासूनची. तो म्हणाला, खोक्यावर पंधराशे वॅट लिहिलेत ते लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखे समजायचे. बाकी माल वाईट नाही, पण स्वस्त मालाला धूळ आणि ऊन मारतं, तेवढं सांभाळा. ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे.

ताई, तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाला हाच माल लागणार. त्याचं पहिलं काम, आणि ते सगळ्या भावकीसमोर. तिथे बंद पडलं तर पोराला परत कोण बोलावणार? अजून वेळ आहे, तुझ्या जावयाला, अवधूतला सांगून दुसरा कुणी पक्का साउंडवाला बघतेस का? साईनाथला कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, काळजी वाटून घ्यावी.
तुझा ज्ञानदेव

वाघोली
८ नोव्हेंबर

चि. ज्ञाना यास,

द्वारकाचे आशीर्वाद. पत्र मिळालं. एवढी काळजी एकट्याने करतोस, वेणूला काही शिल्लक ठेवतोस की नाही?

दुसरा साउंडवाला मी बघणार नाही. कार्यक्रम माझा आहे, आणि तो बिघडवायचा पहिला हक्क माझ्या भाच्याचा. माझ्या कानातलं यंत्र डॉक्टरांच्या मते उत्तम प्रतीचं आहे. ते मर्जी असेल तेव्हा बोलतं. मग स्वस्तावर राग कशाला?

तू स्वस्थ बस, असं लिहिणार होते. पण तुला ते येत नाही. हाताला काहीतरी काम दे.

सौ. वेणूला आशीर्वाद. पत्र टाकत जा, रडकं असलं तरी चालेल.
द्वारका

धायरी
१९ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या सांगण्यावरून हाताला काम दिलं होतं. जुनं मशीन काढलं आणि दोन्ही स्पीकरना रेक्झिनच्या खोळी शिवल्या. आतून स्पंज, मागून चेन, पुढे आवाजापुरती जाळी. धूळ नाही, ऊन नाही. साईनाथ नको नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. तू पाहिल्यासच.

आणि तरीही जे व्हायचं ते झालं. लॉनवर भर दुपारचा कार्यक्रम, एवढी माणसं. अवधूतच्या भाषणात खरखर सुरू झाली, तिथवर ठीक होतं, त्याचं भाषण तसंही कुणी ऐकत नव्हतं. पण तू उठून माईक घेतलास आणि दोन्ही स्पीकर गप्प झाले. तुला कळलं नाही. तू बोलत राहिलीस, हसलीस, एकदा डोळे पुसलेस, आणि आम्हाला एक शब्द ऐकू आला नाही. मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. पुढे तुझ्या लेकीच्या, सुनीतीच्या गाण्याला आवाज परत आला, तोही एकाच स्पीकरमधून, तुझ्या बाजूच्या. दुसरा शेवटपर्यंत मुका. ही त्या मालाची प्रत!

जेवताना अवधूतने सगळ्यांदेखत विचारलं, साईनाथ, कुठला भंगार माल आणलास? साईनाथ मान खाली घालून म्हणाला, माल हलका निघाला, दाजी.

घरी आल्यावर मी त्याला माल परत करून साहेबांना भेटायला सांगितलं. वाद न घालता हो म्हणाला. त्याचीच मला जास्त भीती वाटते. विश्रांतवाडीचं एक साखरपुड्याचं काम मिळालं होतं, तेही सोडणार आहे. मी बरोबर केलं ना? लवकर लिही.

माया राहू दे.
ज्ञानदेव

वाघोली
२२ नोव्हेंबर

चि. ज्ञाना,

आशीर्वाद. हे पत्र अवधूतच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, पोस्टावर सोडण्यासारखं नाही. माल परत करू नका.

मला ऐकू येत नाही, म्हणून मी गाण्याच्या वेळी स्पीकरवर हात ठेवून बसते. हाताला गाणं कळतं. भाषण करून बसले आणि सवयीने हात ठेवला, तर काही कळेना. खोळीच्या आत मागे हात घातला तर तवा! मागच्या पत्र्याच्या पट्ट्या मशीन थंड व्हायला असतात ना? तू त्यांना दुपारी बारा वाजता स्पंजचा स्वेटर घातला होतास. मी चेन उघडून खोळ काढली आणि गुडघ्यावर पांघरून घेतली. थोड्या वेळाने हाताला सुनीतीचं गाणं लागलं. दुसऱ्या स्पीकरपर्यंत माझे गुडघे पोचले नाहीत.

शिलाई मात्र सुंदर आहे. खोळ माझ्याकडे आहे.

साईनाथला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही. आणि माझं भाषण कुणाला ऐकू आलं नाही ते बरंच झालं. तुझं कौतुक केलं होतं.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही पाठवता आली असती तर पाठवली असती.
द्वारका

धायरी
२६ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं तेव्हा साईनाथ स्पीकर खोक्यात भरत होता. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, अप्पा, मला माहीत आहे.

आत्याच्या गुडघ्यावर खोळ दिसली आणि तोच स्पीकर बोलायला लागला, तेव्हाच त्याला कळलं होतं. लगेच जाऊन दुसरी का काढली नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाला, तुम्ही समोरच बसला होतात. पाहुण्यांदेखत तुमची शिलाई उतरवून काय सांगायचं? त्यापेक्षा मालाला नाव ठेवलं. माल काही मनाला लावून घेत नाही.

मग नोकरीवर परत का निघालास, विचारलं. म्हणाला, तुम्हाला झोप लागत नव्हती.

ताई, मी ब्लेड घेतलं आणि उरलेल्या खोळीची अख्खी पाठ कापून काढली. साहेबांना त्याने कळवलं, कागद पुढे पाठवा. विश्रांतवाडीचं काम धरलं आहे. तिथे मोकळं मैदान आहे म्हणतात, वारं फार असतं, माईकमध्ये घुसेल का, नासिरला विचारायला हवं. मिक्सरचं एक बटणही मला सैल वाटतं.

येत्या रविवारी साईनाथ दोन्ही स्पीकर घेऊन वाघोलीला येणार आहे, ती दुसरी खोळ न्यायला. मीही येतो. तू काय कौतुक केलंस ते पत्रात लिहू नकोस. माईकवर बोल. तुझा हात स्पीकरवर राहू दे, म्हणजे बंद पडला तर तुलाच आधी कळेल. मी समोर बसतो.

तोवर लोभ जपून ठेव, पण झाकून नको.
तुझा ज्ञानदेव