दुबेबाईंची मराठी

गढा, जबलपूर

तीर्थस्वरूप वसुधाताईस धाकट्या गुणवंताचा साष्टांग नमस्कार. नागपूरच्या उन्हात तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर? आमच्याकडे सारे बरे आहेत, मी सोडून.

कारण सांगतो. नवं धोरण आलं म्हणून आमच्या क्षमाच्या शाळेनं ठरवलं, की प्रत्येक पोराला हिंदीसोबत त्याची घरची भाषाही शिकवायची. घरोघरी फॉर्म आले. बंगाली झाले, तेलुगू झाले. गोंडी पोरांना तर पुस्तकं मिळाली, मास्तर अजून मिळून नाही राहिला. मराठीचे अकरा निघाले, त्यांच्या मास्तरकीसाठी शाळेनं अर्ज मागवले. मला वाटलं, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो ते याचसाठी! चार पिढ्यांची मराठी आपली, दुसरा कोण येणार? आणि मुलाखतीला आली कोण, तर घमापूरची ज्योती दुबे. घरी बुंदेली बोलणारी! (नवऱ्याची नोकरी पुण्यात, तिथं सात वर्षं राहून मराठीच्या परीक्षा दिल्या म्हणे. पुण्यात लोकांना दुसरे उद्योग नसतात का?)

दोघांनाही वर्गात उभं करून शिकवायला लावलं. मी पहिलंच वाक्य ठसक्यात टाकलं, "माझी आवाज मागंपर्यंत पोहोचून राहिली का?" पोरं म्हणाली, "हाँ जी." परीक्षक मात्र कागदावर काहीतरी लिहू लागले. मग दुबेबाई उठल्या. "माझा आवाज पोहोचतो आहे ना?" पोहोचला, ताई. पार नोकरीपर्यंत पोहोचला.

तेही गिळलं असतं. पण क्षमा! नऊ वर्षं मी या नातीशी मराठीत बोलून राहिलो आणि ती हिंदीत उत्तर देऊन राहिली. "जेवली का?" "हाँ आबा, खा लिया." मी समजायचो, पोरीच्या जिभेलाच मराठी नाही. परवा सुट्टीला दोघं ग्वारीघाटावर गेलो. पायऱ्यांवर दुबेबाई दिसल्या, तशी माझं बोट सोडून पळाली. तासभर बोलल्या दोघी. नावा, मासे, शाळेतली भांडणं, सगळं मराठीत, आणि हसत! मी दोघींच्या चपला सांभाळत बसलो. परत येताना विचारलं, "काहून बाई, माझ्याशी काहून नाही बोलत अशी?" तर म्हणते, "माझं चुकलं की तुम्ही लगेच बोलता, आबा. मॅडम थांबतात." (मराठीत म्हणाली. तेवढंच सुख.)

थांबतात! पगार घेऊन कोणीही थांबेल.

तुझा जळका भाऊ,
गुणवंत

ता. क. हे पत्र टपालात टाकायला क्षमाजवळ दिलं, तर तिनं ते आधी मॅडमना दाखवलं. लाल खुणा त्यांच्या आहेत. स्वतःबद्दलचं सगळं वाचूनही बाईंनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मोठ्यांचा वर्ग रविवारी दहाला असतो.' अपमान म्हणतात तो हाच.

ता. क. २. पहिलीचं मराठी पुस्तक लवकर पाठव. पार्सलवर नाव क्षमाचंच घाल. आणि शनिवारच्या आत पोहोचू दे. पहिला बाक लवकर भरतो म्हणे.