पंचमीला न्यायला

१३ जुलै

धाकट्या भावाचा, अनिशचा फोन. उद्या त्याला चार जणांचं ते छोटं विमान रिकामंच उडवत हुबळीला आणून ठेवायचंय, मग सुट्टी काढून धारवाडला आईकडे! म्हटलं, "इथे ढग बघ किती खाली आलेत. परवा ये." हसला. "अक्का, ढगांचं मी बघतो. तू पंचमीला माहेरी यायची तयारी कर." पंचमीला अजून किती अवकाश आहे, आणि या वेड्याला आत्तापासून घाई!

दरवर्षी त्याचं नाटक ठरलेलं. इथे हुबळीत, केशवापूरला आमच्या दारात उभा राहून अस्सल कन्नडमध्ये ओरडणार — "अक्का, करियाक बंदेनि!" न्यायला आलोय! मग मोटरसायकलवरून धारवाड. आई हटकून चिडणार — "घरात मराठी बोल की रे!"

१४ जुलै

गच्चीत उभी होते. आवाज आला, विमान दिसलं नाही. सगळं पांढरं. आवाज लांब गेला, वळून परत आला, खूप खाली. मग काहीच नाही.

१५ जुलै

धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडलं. अनिश गेला.

लिहिलं खरं. पटत नाही.

२८ जुलै

तेरावा करून काल परतले. निघताना आई फाटकापर्यंत आली, कडी लावली, आत गेली. "परत ये" म्हणाली नाही. एरवी रिक्षा वळेपर्यंत म्हणत राहते! तिच्या तोंडून निघालं नसेल, समजतं मला. तरी रिक्षा वळेपर्यंत मागे बघत राहिले.

३ ऑगस्ट

आईला फोन. "जेवलीस?" "जेवले." संपलं बोलणं.

पोळ्या लाटताना बाहेर मोटरसायकल थांबली की हात थांबतो. शेजारच्यांची असते. अनिश, एकदाच ये ना रे. एकदाच ओरड.

७ ऑगस्ट

सुधींद्र म्हणाला, "परवा पंचमी. मी सोडतो तुला धारवाडला."

माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याला कळत नाही — सोडणं वेगळं आणि न्यायला येणं वेगळं. पंचमीला कुणी न्यायला आल्याशिवाय आमच्यात मुली माहेरी जात नाहीत. यंदा सण नाहीच. झोका नाही, लाडू नाहीत. नकोच आहेत! झोक्याचा दोर तो बांधायचा, आधी स्वतः बसून बघायचा आणि मग उठायचंच नाव घ्यायचा नाही. गाढव!

पण भाऊ गेला म्हणजे माहेरही गेलं का? मला आई हवी आहे. तिनं मला बोलवायला हवं आहे. तोंड उघडून मागू कसं? अप्पा गेल्यापासून ती एकटी कुठे जात नाही. हुबळी-धारवाडच्या त्या ‘चिगरी’ बसगाडीला तर घाबरतेच — दारं आपोआप मिटतात म्हणून. अनिश चिडवायचा, "आई, बस गिळत नाही गं माणसं!"

सुधींद्रला नको म्हटलं.

९ ऑगस्ट, पंचमी

सकाळी बेल वाजली. दारात आई. एकटी! पदर भिजलेला, मुठीत चिगरीचं तिकीट चुरगळलेलं.

जन्मात माझ्याशी कन्नड बोलली नव्हती. खाली मान घालून म्हणाली, "करियाक बंदेनि."