टोम्माची उजवी बाजू

३ मे, शुक्रवार
हो म्हणून बसले! चहा ओतता ओतता. सासरे म्हणाले, "पोरी, टोम्मा एकोणीस तारखेला नऊची होतेय. माझ्या ट्राइकवर मागे बसवून दीपगृहापर्यंत नेतो तिला." लेक टेबलाखालून माझा पाय दाबत होती. तोंडातून निघून गेलं.

४ मे
टोम्माचा उजवा हात जन्मापासून नुसता लोंबतो. डाव्याने धरते. एका हाताने किती धरणार?
सासरे हसतात. "दोन चाकांची आहे का पडायला? तीन चाकं आहेत, तीन!" तीनचाकी मोटरसायकल नाही पडणार, कळतं मला. पण ही वळणावर आत झुकत नाही ना — मागचं माणूस बाहेर फेकलं जातं. डावं वळण आलं की टोम्मा उजवीकडे. आणि तिकडे आहे काय? पाठीला टेकू आहे. बाजूला नुसती हवा.
आयलर्ट, नवरा माझा, समुद्रात, पवनचक्क्यांच्या कामावर. अजून तीन आठवडे. फोनवर म्हणाला, "आर्मरेस्ट बसव की दोन्हीकडे. बाबा चाळीस वर्षं चालवतायत, एक ओरखडा नाही." त्याला काय जातंय सांगायला.

७ मे
हिन्रिकेकडे गेलो. तालुक्यातल्या सगळ्यांच्या सीटा हीच शिवते. आर्मरेस्टचे तीन प्रकार मांडले तिने. आखूड नि सरळ — हात टेकायला बरे, धरून ठेवत नाहीत. लांब, पुढे आत वळलेले. आणि तिसरा, पुढून आडवा दांडा, खटकन बंद होणारा. जत्रेतल्या पाळण्यासारखा. मी म्हटलं, हाच!
हिन्रिके म्हणाली, "आणि गाडी कालव्यात गेली तर?"
आमच्याकडे रस्ता म्हणजे दोन्हीकडे पाणी. दांडा लावलेला, पाणी वर, आणि तिला एकच हात.
"मग काय करू? पडू दे की बुडू दे?" ओरडलेच मी तिच्यावर.
"बस खाली आधी," म्हणाली. "उजवा लांब, आत वळलेला, पक्का. डावा वर उचलता येणारा. तिच्या चांगल्या हाताने. दांडा नाही."
मग टेप काढली. टोम्मा नुसत्या टीशर्टवर! मलाच झापलं — "जाकीट कुठंय? यावर माप घेतलं तर त्या दिवशी पोर अडकून बसेल." परत घरी, जाकीट, परत माप.

८ मे
टोम्माने डावा आर्मरेस्ट चाळीस वेळा उचलला. मी मोजत होते. एकदा अडकला. एकदाच. पण अडकला!

१० मे
बिजागरी घासून आणली. गाड्यांच्या तपासणीवाल्यानेही दोन्ही हलवून बघितले, शिक्का दिला. सासरे म्हणाले, "आता तरी झोप." कशी झोपू? हिन्रिके म्हणाली, "आधी तू बस. तू बसल्याशिवाय तुझं भय जायचं नाही." नट सैल करून माझ्या मापाला रुंद करून दिले.

११ मे, शनिवार
बसले. पहिल्या वळणाला डोळे मिटले. उजवा आर्मरेस्ट कमरेला असा लागला, जसं कुणी हात टाकून धरलंय. दुसऱ्या वळणाला डोळे उघडले. चौथ्याला दोन्ही हात सोडले! खरंच सोडले. इतकं बरं वाटलं की मी इकडंतिकडं बघायला लागले.
म्हणून दिसलं. पुलाजवळ उजवीकडून एक बाई सायकलवर येत होती. लाल जाकीट, लांबून दिसणारं. सासरे वेग कमीच करत नव्हते. मी पाठीत बुक्की मारली. "बाबा! उजवीकडे!" ब्रेक. बाई शिव्या देत गेली. हातभर अंतर राहिलं असेल.
ते म्हणाले, "कुठून आली ही?"

१२ मे
सासरे चहाला बसले. पहिल्याच कपावर चमचा कपात ठेवला त्यांनी. पुरे म्हणून. तीन कपांच्या आत आमच्या घरात कोणी चमचा ठेवत नाही.
"कधीपासून?" मी विचारलं.
"ईस्टरपासून. उजवीकडे धुकं असतं. पण पोरी, रस्ता पाठ आहे मला."
"सायकलवाली पाठ होती?"
म्हणाले, "आयलर्टला सांगू नको."
मी आठवडाभर मागची सीट बघत बसले. पुढच्या सीटकडे एकदाही बघितलं नाही. काय झालं असतं, हे लिहवत नाही.

१३ मे
सांगितलं आयलर्टला. म्हणाला, "किल्ली घे त्यांच्याकडून." मी का घेऊ? ते माझ्यापुढे उभे राहिले की मला अजून लहान वाटतं.
टोम्मा रडली. "तू मुद्दाम केलंस! तुला आधीपासून नकोच होतं!" नको होतंच. पण असं नाही.

१४ मे
मागावी लागली नाही. सकाळी साखरेच्या डब्यात खड्यांवर किल्ली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्या नेतेय.

१९ मे
वाढदिवस. टोम्माने केक खाल्ला, माझ्याशी बोलली नाही. दुपारी एकटीच शेडमध्ये ट्राइकवर जाऊन बसली. आर्मरेस्ट वर, खाली, वर.

२१ मे
डॉक्टर म्हणाला, गाडी बंद. कायमची.
सोमवारपासून माझी शिकवणी, ट्राइक चालवायची. टोम्माला म्हटलं, तुझा नंबर लागेल, पण मला नीट जमल्यावर. आणि तुझ्या आधी एक जण आहे. संध्याकाळी टेप घेऊन शेडमध्ये गेलो. टोम्माने एक टोक धरलं. नवं माप घेतलं, जाकीट घालून. बावन्न सेंटिमीटर. उजवा तसाच लांब, आत वळलेला. सासरे मागच्या सीटवर पोट आत ओढून बसले होते. टोम्मा म्हणाली, "आजोबा, श्वास सोडा. नाहीतर अडकाल."