पाहुण्यांसाठी खाटा

रविवार, दिवेलागण. रांझी.

ऋचानं आज तिच्या बालीच्या लग्नाच्या पाहुण्यांसाठी सूचना पाठवल्या. पासपोर्टची मुदत बघून घ्या, चार्जरची पिन तिकडे वेगळी लागते, बॅग हलकी ठेवा, आणि प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र खोली. स्वतंत्र खोली! लेकीनं सगळं नीट विचार करून लिहिलंय, मग मी काहून चिडून राहिली?

माझ्या नणंदेचं लग्न याच क्वार्टरमधून झालं. अमरावतीच्या पाहुण्यांना सूचना एकच होती: पांघरूण आणा. खाटा क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीतून आल्या. कोणाची कोणती ते कळावं म्हणून पायांवर रंगानं क्वार्टर नंबर टाकले, तरी परत करताना अदलाबदल झालीच. शेजारच्या शुक्ला भाभींची एक खाट अजून आमच्याकडे आहे, आमची त्यांच्याकडे. कोणी कधी मागितली नाही. मी आत्ता तिच्यावरच बसून लिहून राहिली.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना भाभींनी भिंतीपलीकडून हाक मारली. "दीदी, ऋचा की शादी तय हो गई न? मेहमान कब से आएँगे? मैंने तो खटियों को धूप भी दिखा दी।"

बालीला पन्नासच माणसं न्यायची आहेत. त्यात भाभी नाहीत. ऋचा चालायला शिकली ती त्यांच्या अंगणात.

लग्न इथं नाही, हे सांगायलाच मी तोंड उघडलं होतं. अन् म्हटलं काय, तर "कल भिजवा दो, भाभी।"

उद्या खाटा येतील. पाहुणा एकही येणार नाही.