चांदणीचं अंग पुसलं

दौंड, शुक्रवार. संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर.

आमच्या मांजरीनं, चांदणीनं, अंग चाटणं सोडलंय. दिवसभर चाटून स्वतःला इतकी लख्ख ठेवायची की नमाजाच्या चटईवर, जानमाजवर येऊन बसली तरी मी कधी उठवलं नाही. आता शेपटीखाली घाण वाळते. डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्यात, फक्त स्वच्छ ठेवा.

कोमट पाण्यात जुनी ओढणी भिजवून पुसायला बसले. ओढणी अजून चांगली होती, पण घरात मऊ तीच. हे कंपनीतून आले, म्हणाले, "अगं, मांजर हाय ती, बाळंतीण न्हाई." मग स्वतःच पाणी बदलून आणलं.

थेंब उडाला तरी ओरबाडायची ही. आज पोट, पंजे, सगळं पुसू दिलं. का पुसू दिलं? एकदा तरी नख मारायचं होतंस गं.