वैशाखातली नाताळाची गाणी

चूक तुमचीच होती आबा, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली म्हणून मी आता ती बरोबर म्हणणार नाही. तुमच्या शेवटच्या गाण्यातून पोटच्या पोराचा ड्रम पुसला आणि तिथं मशीनचा ठेका टाकला. मला कळलं कुठं, तर देवळात, रविवारच्या उपासनेला, सगळ्या मंडळीसमोर गाणं लागल्यावर. असं कावून केलं, म्हणून विचारलं तर तुम्ही गिटारची तार पिळत बसला.

आता मामा, तुमचा कीबोर्डवाला मेव्हणा, आपल्या बँडची पहिल्या कॅसेटपासून शेवटच्या सीडीपर्यंतची निवडक गाणी एकत्र करून अल्बम काढतोय. फोन आला तेव्हा मी इथं मोरबीत टाइलच्या पेट्या भरत होतो. सहा वर्षांतली ही पाचवी नोकरी. "स्टुडिओवाल्याकडं ते शेवटचं गाणं तुझ्या ड्रमवालं सापडलंय," म्हणाला. "दोन्ही पाठवतो, कोणतं टाकायचं तू सांग. बापानं काढलं तर मामा घालतो."

दसऱ्यानंतर अर्धा बँड ऊसतोडीला जायचा, म्हणून नाताळाची गाणी आपण वैशाखातच रेकॉर्ड करायचो. शेवटचं गाणं केलं तो दिवसही तसाच. बीडची ती पत्र्याची खोली, आवाज येतो म्हणून पंखा बंद. बेथलेहेमची थंडी गाताना सगळ्यांच्या बनियनातून घाम गळतोय. पाळकसाहेब दारात उभे. "जरा हळू वाजवा, येशू काय बहिरा न्हाई." तुम्ही म्हणता, "येशूसाठी न्हाई साहेब, मंडळी झोपती म्हणून." मग माझ्याकडं वळून, "तू मात्र सबुरीनं घे. गाणं काय उसाचा फड हाय व्हय, हा उरकून पुढच्यात जायाला?" सगळे हसले. मला तेच लई लागलं.

काल सुट्टीला दोन्ही ऐकली, एकामागं एक. माझ्या ड्रमवर तुम्ही दुसऱ्या कडव्यापासून मागं पडताय. ओळीचा शेवट खाताय, मधेच श्वास ओढताय, आणि तिसरं कडवं म्हटलंच नाही, नुसती गिटार वाजवलीत. मशीनच्या ठेक्यावर तुम्ही नंतर परत गायलात, तिथं तिन्ही कडवी आहेत, संथ, एकेक शब्द पुरा. म्हणजे त्या उन्हाळ्यातच तुमची छाती साथ देत नव्हती. आईला ते दिवाळीनंतर कळलं, मला त्याच्याही नंतर. एका शब्दानं सांगितलं असतं तर मी हळू वाजवलं असतं, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. सबुरीनं घे, हे तुम्ही त्या दिवशी चारदा म्हणाला होता आणि मी दर वेळी आणखी पळालो.

मामाला सांगितलं, तिन्ही कडव्यांचंच टाक. तो म्हणाला, "मशीन लई कोरडं वाटतंय. तूच ये अन् दाजींच्या आवाजाखाली नव्यानं वाजव." मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही.

हा कागद माझ्या पेटीतच राहणार आहे, म्हणून लिहितो. सुट्टी मिळते, आबा. मला अजून तेवढं हळू वाजवता येत नाही, आणि तुम्हाला परत मागं टाकायची माझी हिंमत नाही. चकलांब्याचा एक जण लई निवांत ड्रम वाजवतो म्हणे. त्याच्या वाजवण्याचे आणि स्टुडिओच्या भाड्याचे पैसे मिळून आज मामाला पाठवतोय, साडेतीन हजार.